दिवसाला आपला ठेका असावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. भाकरी थापताना माझा हात कधी थरथरत नाही, पण हा कागद धरताना थरथरतो आहे. काही चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

चिटणीसबाईंनी मला विषय दिला होता, ‘गृहिणीने वेळेचा सदुपयोग कसा करावा’. मी घरी जाऊन लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. कारण वेळेचा सदुपयोग करता करता मी कशी आडवी झाले, हे आपल्यातील पुष्कळ जणींनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा बाईने वेळेचा सदुपयोग शिकवावा म्हणजे बुडालेल्याने पोहणे शिकवण्यासारखे आहे. म्हणून चिटणीसबाईंची क्षमा मागून मी विषय थोडा फिरवून घेतला आहे. वेळ कसा भरावा हे मी सांगणार नाही. दिवसाला ठेका कसा असावा, एवढेच माझ्या अनुभवाने सांगणार आहे.

आमची घाटातील चहाची टपरी आपणां सर्वांना ठाऊक आहे. चहा, वडे, उन्हाळ्यात कोकम सरबत, पावसाळ्यात काकड्या. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारी गाडी कशेडीचा घाट चढून आली की माणसाला चहा हवा असतो आणि गाडीलाही विसावा हवा असतो. त्यावर आमचे घर चालले होते. 2023 च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू लहान गाड्यांसाठी सुरू झाली. पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांचा झाला. बोगदा वाईट असे मी मुळीच म्हणणार नाही. रात्री-अपरात्री आजारी माणूस घेऊन जाणाऱ्याला त्याचे मोल विचारावे. पण आमच्या दारात थांबणारी गाडी डोंगराच्या पोटातून जाऊ लागली आणि आमच्या गल्ल्यात खडखडाट झाला.

तेव्हा मी मनाशी ठरवले की आता बसून चालायचे नाही. चार शेळ्या घेतल्या. हप्त्याने शिलाईचे यंत्र घेतले. तांदळाच्या फेण्या आणि नाचणीचे पापड करून विकू लागले. रस्त्याच्या कामावरील माणसांना डबे देऊ लागले. शिवाय घर, शेत, सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलीची बारावी होतीच. मोबाईलवर एक बाई नेहमी सांगत असे की पहाटे चार वाजता उठा, तुम्ही झोपता तेव्हा दुसरे पुढे जातात. मी चारला उठत होतेच, ते ऐकून साडेतीनला उठू लागले. एका शिबिरात कोणी सांगितले की प्रत्येक मिनिटाचा पैसा झाला पाहिजे. मी ते वाक्य मनात कोरून घेतले. शेजारीण ओटीवर बसून बोलायला आली तरी माझ्या मांडीवर सूप असायचे. हात रिकामा दिसला की कोणी रिकामटेकडी म्हणेल, ही धास्ती.

ह्याचा परिणाम काय झाला, तो ऐका. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लागल्या. एका डब्याच्या आमटीत दोनदा मीठ पडले. उन्हात पुरत्या न वाळलेल्या फेण्या घाईने डब्यात भरल्या आणि त्यांना बुरशी आली, त्या सगळ्या शेणकईत टाकाव्या लागल्या. कामे वाढत गेली आणि कामाचा कस उतरत गेला. वर्षाअखेर यजमानांनी वहीत हिशेब मांडला, तेव्हा दिसले की शेळ्यांचे औषध, यंत्राचा हप्ता आणि वाया गेलेला माल वजा करता जे हातात राहिले, तेवढे नुसत्या आमसुलांनी आणि नीट केलेल्या फेण्यांनी दिले असते. उरलेली धावपळ फुकटची होती.

पण हिशेब मांडण्याच्या आधीच शरीराने आपला हिशेब मांडला. 2024 च्या लावणीत, चिखलात वाकलेली असताना, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आवणाच्या मुठीसकट खाली बसले. आपल्यातल्याच चौघींनी मला बांधावर आणले. ते उपकार मी विसरणार नाही. दवाखान्यात रक्त तपासले तर ते 7 वर आलेले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, “दिवसातून बसता केव्हा?” मला उत्तर सुचेना. माझी मुलगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, “आईला बसलेली मी बघितलीच नाही.”

मैत्रिणींनो, खरे सांगते, ते ऐकून मला आधी अभिमान वाटला! वाटले, पहा, माझी लेक माझ्या कष्टाची साक्ष देते आहे. त्या रात्री मात्र ती माझ्या उशाशी बसून हळूच म्हणाली, “आई, रागावू नको, पण मला मोठी होऊन तुझ्यासारखं व्हायचं नाही.” ज्या मुलीसाठी मी रात्रीचा दिवस करत होते, तिला माझ्या जगण्याचीच भीती वाटू लागली होती. ते वाक्य मला त्या 7 रक्तापेक्षा जास्त लागले.

पंधरा दिवस सक्तीने पडून होते. तेव्हा सासूबाई जवळ बसत. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. त्या एकदा म्हणाल्या, “बाय, तू जात्यावर कधी नीट बसली नाहीस, म्हणून तुला हे झालं.” मला हसू आले. आताशा पीठ गिरणीतून येते, जात्याचा आणि आजारपणाचा काय संबंध? मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. जात्यात दाणे मूठ मूठ घालायचे असतात. घाईने जास्त घातले की जाते जड होते, खुंटा हलत नाही आणि पीठ जाडेभरडे पडते. कमी घातले तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. हात आणि दाणे यांचा मेळ बसला की ओवी आपोआप येते. आणि ओवी म्हणताना श्वास जिथे घ्यावा लागतो, तिथे हातही किंचित सैल होतो. म्हणून पहाटेचे दळण करून बाई दमायची, पण मोडायची नाही.

मी नंतर चौकशी केली तेव्हा कळले की हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइट्व्हाँ ह्या दोघांनी 1980 नंतरच्या वर्षांत गावोगावच्या बायांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक आहेत. एक लाख! विचार करा, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी दळता दळता एवढे बोलून ठेवले. त्यांच्या वाट्याला सोपे काम नव्हते, कोणी त्यांना पगार दिला नाही आणि ते दिवस परत यावेत असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु कामाच्या आत त्यांनी आपल्यापुरती एक जागा राखली होती, जिथे माहेर आठवता येई, भावाचे नाव घेता येई, मनातले दुःख सांगता येई. गिरणी आली आणि हाताचे कष्ट वाचले, हे चांगले झाले. पण ती जागाही जात्याबरोबर अडगळीत गेली आणि तिच्या बदली दुसरी जागा आपण केली नाही.

हे असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. 2016 नंतर उज्ज्वला योजनेत कित्येक घरी गॅस आला. मिक्सर आला, कोठे दारात नळ आला, आता बोगदा आला. प्रत्येकाने आपला वेळ वाचवला. तो वाचलेला वेळ गेला कोठे? कोणाच्या पदरात पडला? माझ्या तरी पडला नाही. वाचलेल्या अर्ध्या तासाच्या जागी मी लगेच दुसरे काम आणून बसवले. भांड्यात जागा दिसली की भरलेच पाहिजे, अशी आपल्या हाताला खोड लागली आहे.

येथे माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगते. ते मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्या संपानंतर ते गावी आले ते कायमचेच. पण कित्येक वर्षे ते गावातही पहिल्या पाळीच्या वेळेला दचकून उठत आणि अंगणात जाऊन उभे राहत. आई म्हणायची, “अहो, भोंगा झाला नाही.” भोंगा मुंबईत बंद पडला होता, तो त्यांच्या अंगात चालू होता. तेव्हा आम्ही मुले हसत होतो. आता मला समजते की दुसऱ्याने लावलेला ठेका अंगात शिरला की तो सहज निघत नाही. माझा भोंगा मोबाईलमधून वाजत होता, एवढाच फरक.

त्याच गिरणगावाची आणखी एक जुनी हकीकत आपणां बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्वी गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यासाठी बरीच वर्षे झगडले. 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईला कामगारांची मोठी सभा झाली, तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मंजूर झाली. आज आपली मुले रविवारी उशिरा उठतात, त्यामागे ह्या लोकांची खटपट आहे. परंतु गंमत पहा, रविवार आला की घरातल्या बाईचे काम वाढते! सगळी घरी असतात, म्हणून काही चांगलेचुंगले करायचे असते. त्या सभेत बोललेल्या दोघीजणींनाही रविवारी गिरणीला सुट्टी मिळाली असेल, चुलीला मिळाली नसेल.

माझ्या मुलीने मला सरकारी पाहणीतील एक आकडा वाचून दाखवला. 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरच्या बिनपगारी कामात ज्या बायका गुंतलेल्या होत्या, त्यांचे दिवसाचे 299 मिनिटे त्यात जात होते आणि जे पुरुष असे काम करत होते, त्यांचे 97 मिनिटे. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आणि त्यांचा दीड तासाहून थोडा अधिक. तेव्हा बाईला ‘वेळेचा सदुपयोग कर’ असे सांगण्याआधी तिचा किती वेळ तिच्या हातात असतो, हे पाहिले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, ही बाई आळसाची वकिली करते आहे. आपल्या पंचक्रोशीत तर समर्थांची शिवथरघळ आहे. दासबोध तेथे लिहिला गेला असे आपण मानतो. समर्थांनी आळसाची किती निंदा केली आहे, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. मलाही हीच शंका होती. म्हणून मी आमच्या घरचा दासबोध काढून अकराव्या दशकातील तिसरा समास वाचला. दिवस कसा घालवावा हे त्यात सांगितले आहे. एक क्षणही रिकामा जाऊ देऊ नये, असेही त्यात आहे. ते वाचून मी जरा वरमले. पण पुढे वाचत गेले तर दिसले की पहाटे उठून काही पाठांतर करावे, देवाचे स्मरण करावे, मग संसाराचे काम सावधपणे करावे आणि जेवण झाल्यावर काही वाचावे, चार गोष्टी बोलाव्यात, एकांतात बसून विचार करावा, असा क्रम त्यांनी लावून दिला आहे. म्हणजे ज्यांनी क्षण रिकामा घालवू नका म्हटले, त्यांनीच जेवणानंतर शांत बसण्याची वेळ नेमून दिली. शांत बसलेला क्षण त्यांच्या लेखी रिकामा नव्हता. तो समास वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

तेव्हा मी काय केले, ते आता थोडक्यात सांगते. उठून फिरू लागल्यावर मी मुलीच्या जुन्या वहीत महिनाभर एक टिपण ठेवले. कोणत्या वेळी कोणते काम केले आणि ते करताना अंग कसे होते, एवढेच. त्यावरून मला माझे मलाच कळले. पहाटे पाच ते नऊ माझ्या हाताला वेग असतो, डोके स्वच्छ असते. दुपारी एक ते तीन हात जड होतात आणि बाह्या उलट्या लागल्या, मीठ दोनदा पडले, ते सारे ह्याच वेळेत. उन्हे उतरली की पुन्हा तरतरी येते. आमच्या धाकट्या जाऊबाईंचे अगदी उलटे आहे. त्यांना सकाळी सुचत नाही, पण रात्री सगळे निजले की त्या शिवणाचे काम सफाईने करतात. म्हणून मी माझा ठेका त्यांच्यावर लादत नाही आणि त्यांचा माझ्यावर घेत नाही. शेवटी शिलाईचे यंत्र मी त्यांनाच देऊन टाकले. आता ते यंत्र जास्त चालते.

शेळ्या विकल्या. डबे बंद केले. चैत्र-वैशाखात आमसुले आणि माघ-फाल्गुनात फेण्या-पापड, एवढेच धरून ठेवले. दिवसाला तीन खुंट रोवले. पहिला, सकाळी सगळी उठण्याआधी ओटीवर बसून चहा घ्यायचा आणि त्या वेळी हातात सूप, विळी, मोबाईल काही घ्यायचे नाही. दुसरा, दुपारी जेवणानंतर अर्धा तास पाठ टेकायची. तिसरा, दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावला की मुलीजवळ बसायचे, ती बोलली तर ऐकायचे, नाही बोलली तर नुसते बसायचे. ह्या तीन खुंटांच्या मध्ये भरपूर काम करते. उलट पूर्वीपेक्षा नीट करते.

सुरुवातीला फार अवघड गेले. चहा घेताना समोर केर दिसायचा आणि पाय उठायला बघायचे. दुपारी पडले की उंबऱ्याशी कोणाची सावली आली तरी मी धडपडून उठे. सासूबाईही म्हणाल्या, “आमच्या वेळी बायका दुपारी निजत नव्हत्या.” मी काही बोलले नाही. पुढे एकदा त्याच आपण होऊन म्हणाल्या, “निजत नव्हतो खरं, पण मागीलदारी भिंतीला पाठ लावून घटकाभर डोळे मिटायचो, कोणी आलं की निवडण पुढ्यात ओढायचो.” आम्ही दोघी पुष्कळ हसलो. मग मला वाईट वाटले. एवढे आयुष्य कष्टात काढलेल्या बाईने घटकाभराचा विसावा चोरून घ्यावा, हे काही बरे नव्हे.

ह्यावरून एक नाजूक गोष्ट बोलते. जुन्या बायका सांगतात की महिन्याचे ते चार दिवसच काय ते त्यांना बसायला मिळे. विसावा मिळे हे खरे, पण तो विटाळ म्हणून, बाजूला बसवून. मला तसा विसावा नको आणि माझ्या लेकीला तर नकोच. घराच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, मान ठेवून बाईला बसता आले पाहिजे.

यजमानांबद्दलही सांगायला हवे, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी पहिल्यांदा दुपारी स्वतः चहा केला, तेव्हा साखरेऐवजी मीठ घातले. मी म्हटले, चला, आता माझ्या दोनदा मिठाच्या आमटीची बरोबरी झाली! आता पाणी भरणे आणि संध्याकाळची भांडी त्यांच्याकडे आहेत. त्यांनीच मला एक चांगली गोष्ट सांगितली. टपरीवर बसून त्यांनी वीस वर्षे गाड्या पाहिल्या. ते म्हणतात, जो ड्रायव्हर घाट वरच्या गिअरमध्ये रेटतो, त्याची गाडी मध्येच बंद पडते आणि जो उतारावर नुसता ब्रेक दाबत येतो, त्याचे ब्रेक तापतात. जाणता ड्रायव्हर चढ पाहून गिअर उतरवतो, वर आला की गाडी थांबवतो, इंजिन निवू देतो. तो आळशी नसतो. त्याला पणजीपर्यंत पोहोचायचे असते.

आणि ठेका म्हणजे घड्याळ नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लावणीच्या दिवसांत माझे तीन खुंट जागेवर राहत नाहीत, तेव्हा अंधार पडेपर्यंत चिखलातच असते. पण आपल्या जुन्या लोकांनी वर्षालाही ठेका लावून दिलेला आहे. लावणी उरकते तोच नागपंचमी येते. त्या दिवशी चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. मग गौरी येतात, माहेरवाशिणीला माहेर मिळते. कापणी झाली, भात घरात आले की थोडी उसंत आणि मग शिमग्याची पालखी. माझ्या माहेरी सोमवारी नांगर धरत नसत. बैलालासुद्धा आठवड्याचा एक दिवस होता. त्यामागे धर्म होता तसा शहाणपणाही होता. घाईचे दिवस असतातच, पण बाराही महिने लावणीचे असू नयेत.

आपल्यातील एका भगिनीने मला रोखठोक विचारले होते, “वहिनी, तुमचं बरं आहे, तुमचा नवरा भांडी घासतो. मी रोजावर जाते. मी बसले तर संध्याकाळी चूल पेटणार नाही.” त्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही आणि खोटे उत्तर मी देणार नाही. जिला पोटासाठी दिवसभर राबावे लागते, तिला विसाव्याचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. मी एवढेच म्हणते की तिचा विसावा ही तिच्या एकटीची गोष्ट नाही, ती आपणां सर्वांची आहे. आपण लावणीला सावड करतो. एकीच्या शेतात सगळ्या जातो, मग दुसरीच्या. एकीला चक्कर आली तर तिची ओळ बाकीच्या पुरी करतात, माझी केलीत तशी. मग ही सावड घरच्या कामात का नसावी? जिचे मूल लहान आहे, तिचे मूल दुपारी दुसरीने सांभाळावे. रोजावरून येणारीच्या घरी शेजारणीने पाण्याचे दोन हंडे भरून ठेवावेत. मंडळाची बैठक दुपारी एक वाजता किंवा दिवेलागणीला ठेवू नये. आणि एखादी ओटीवर रिकामी बसलेली दिसली, तर ‘काय, आज काम नाही वाटतं?’ असे आपण कोणी विचारू नये. हे शेवटचे अगदी फुकटचे आहे आणि सगळ्यात उपयोगाचे आहे. कारण आपल्याला पुरुषांच्या धाकापेक्षा एकमेकींच्या ह्या वाक्याचा धाक जास्त असतो.

गोळ्यांनी आणि पालेभाजीने माझे रक्त आता 11 वर आले आहे. टपरी यजमान एकटेच पाहतात, आवक पूर्वीइतकी नाही, ओढाताण संपलेली नाही. सगळे सुरळीत झाले असे सांगायला मी उभी नाही. पण परवा दिवेलागणीला मी बसले होते, मुलगी अभ्यास सोडून शेजारी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आई, आमसुलं करायची मला पण शिकव.” मी शिकवीन म्हटले. तिला माझ्यासारखे व्हायचे आहे की नाही, हे मी विचारले नाही. तिने माझ्याजवळ येऊन बसावे, एवढे तरी माझ्याकडे आता तिला दिसते, हे मला पुरे आहे.

मैत्रिणींनो, मी बराच वेळ घेतला. चिटणीसबाईंनी दिलेल्या विषयाला मी न्याय दिला की नाही, ते आपण ठरवावे. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या दिवसात एक खुंट रोवावा, मग तो कितीही लहान असो, आणि दुसरीचा खुंट उपटू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. 



— मंडळाची एक सभासद, कशेडी